वाढलेला दाब कोठून येतो?
(इंझोरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने मला दिली, तिचा मी थोडा गैरफायदा घेत आहे. संमेलनात मोटारीच्या दोषांविषयी कोण बोलतो, असे आपणांस वाटेल. परंतु आपली कितीतरी मुले आयटीआयमधून निघून जिनांत आणि दालमिलांत कामास लागतात, आणि आपल्या घरचा कापूसही त्याच जिनांच्या दारी जातो. तेव्हा विषय घरचाच आहे.

एका हंगामातील गोष्ट. जिनाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ढिगातला कापूस ओढून यंत्रांकडे नेणारा मोठा पंखा तेथे ड्राइव्हवर चाले. नळीत कापूस तुंबला की पंखा थांबवावा लागे, आणि नेमका तेव्हाच ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ असा दोष दाखवून बंद पडे. बाहेर ट्रॉल्यांची रांग, शेतकरी सकाळपासून उपाशी. सर्वांनी एकमुखाने लाइनला दोषी ठरविले. वीज कंपनीकडे अर्ज गेला, महागडा स्टॅबिलायझर आला. दोष जागचा हलला नाही. मग रोष वळला तो पंख्यावरील तरुण ऑपरेटरवर. त्याला काढून टाकण्याचे बोलणे चालू असता मला बोलावणे आले.

मी त्याला एवढेच विचारले की, दोष केव्हा येतो? सुरू होताना, चालू असताना, की थांबताना? त्याने आपली वही पुढे केली. प्रत्येक नोंदीपुढे ‘थांबताना’ असे लिहिलेले होते.

ड्राइव्ह येणारी वीज प्रथम एकदिश करून कपॅसिटरमध्ये साठवितो आणि तीतून मोटारीला हव्या त्या वेगाची वीज घडवितो. लाइनवर ४१५ व्होल्ट असता आत सुमारे ५८७ व्होल्ट होतात. या वर्गातील पुष्कळ ड्राइव्ह ८०० व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करून घेतात. केवळ लाइनच्या दाबाने तेथवर पोहोचावयाचे, तर लाइनवर सुमारे ५६५ व्होल्ट यावयास हवेत! मग उरलेला दाब कोठला? उतारावर भरल्या गाडीचे ओझेच बैलांना ढकलू लागते, हे कोणताही धुरकरी सांगेल. जड पंख्याला पाच सेकंदांत थांब म्हटले की तो मोटारीला ढकलतो, मोटार जनित्र बनते आणि वीज मागे फिरते. साध्या ड्राइव्हमधून तिला लाइनवर परतण्याची वाट नसते. ती कपॅसिटरमध्येच तुंबते.

थांबण्याचा काळ मी पाच सेकंदांवरून साठ केला. त्या दिवशी दोष पुन्हा आला नाही, आणि स्टॅबिलायझरची किंमत कोणी काढली नाही. त्वरित थांबणे आवश्यकच असेल तेथे ती वीज जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर बसवावा. घाई नसेल तेथे चाक मोकळे सोडून आपोआप थांबू द्यावे.

लाइन नेहमीच निर्दोष असते, असे मात्र मी म्हणणार नाही. मोटार स्थिर असतानाही आतला दाब चढलेला दिसला, तर लाइन मोजलीच पाहिजे. रात्री भार उतरला की दाब वाढतो. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर जोडतानाही क्षणिक लाट उसळते, तिला आवरण्यास ड्राइव्हच्या आधी चोक लावतात. मोटारीचा किंवा केबलचा अर्थ दोषही तपासावा.

येथे मुलांना एक बजावून सांगतो. वीज बंद केली तरी कपॅसिटर भरलेलाच असतो. पुस्तिकेत सांगितलेला वेळ, बहुधा पाच ते पंधरा मिनिटे, थांबावे. दिवा विझला यावर विसंबू नये. एक हजार व्होल्टच्या मीटरने दाब उतरल्याची खात्री करूनच आत हात घालावा. अनुभवी हातांनीसुद्धा येथे चूक केलेली मी पाहिली आहे.

तो ऑपरेटर कामावर राहिला. पुढल्या हंगामात त्याने वही पुन्हा दाखविली. ‘ओव्हरव्होल्टेज’ हा शब्द तीत दोनदाच होता, दोन्ही वेळा मध्यरात्रीनंतर, आणि दोन्ही नोंदींपुढे त्याने लाइनचा दाब मोजून लिहिला होता.