अळणी भाजी आणि गरम वडा

‘श्यामची आई’ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी वाचलंय, नाहीतर आचार्य अत्र्यांचा सिनेमा तरी पाहिलाय. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात ‘अळणी भाजी’ नावाची एक गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडिलांच्या ते लक्षात येतं, पण तिला वाईट वाटू नये म्हणून ते काहीच बोलत नाहीत, भाजी चांगली झाली म्हणतात. मुलंही तशीच जेवतात. शेवटी आई जेवायला बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. मग तिच्या जिवाला चुटपुट लागते, की मी सगळ्यांना अळणी खाऊ घातलं.

शाळेत असताना मला यात वडिलांचा मोठेपणा दिसायचा. तो आहेच. पण परवा मुलीला ती गोष्ट वाचून दाखवताना माझं मन दुसरीकडेच अडकलं. अख्खं घर जेवून उठलं तोवर त्या माउलीच्या जिभेला भाजी लागलीच नव्हती! चाखून बघायचं तर ते उष्टं होतं, आणि सगळ्यांबरोबर बसायची रीत नाही. माझी आईही तशीच. तव्यावरची शेवटची भाकरी तिची, आणि पातेल्याच्या तळाचं कालवण तिचं. ती जेवायची तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो.

आता हे सोडून जरा वड्याकडे या. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. तो खाणारे कोण होते? पाळीला धावणारे गिरणी कामगार. कोकणातले, सातारा-कोल्हापूरकडचे. बायको-पोरं गावाकडे, हे तिकडे एका खोलीत दहा-बाराजण. दोन वेळचं जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवायच्या गिरणगावातल्या बायका, चढ्या व्याजाने पैसे काढून. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच बायकांना एकत्र आणलं. आपण आज बचत गटात जे करतो, त्याची मुळं तिथवर जातात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मोडला, आणि मग कितीतरी घरांनी वड्याची गाडी लावूनच दिवस काढले. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘बाहेरचं अरबट-चरबट’ म्हणतो, ते आधी घरापासून लांब असलेल्या माणसाचं जेवण होतं, आणि पुढे घर सांभाळायचं साधनही झालं.

गावात ते आलं ते वेगळ्या रूपात. वाण्याकडे नूडल्सची पाकिटं लटकली. मसाल्याची पुडी आत, मीठ मोजूनमापून आधीच घातलेलं. त्यात कोणी मीठ विसरूच शकत नाही! खुरपणीहून दमून आलेल्या बाईनं एक दिवस पाकीट फोडलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. रोज मात्र नको. दिवसभरात माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातलं कालवण, लोणचं, पापड धरून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. त्यात पाकिटातलं मीठ वरून. आणि मला खटकतं ते आणखी एक. पोरगं वाडगा घेऊन टीव्हीपुढे, मोठा मोबाईल घेऊन ओट्यावर, आणि आई परत चुलीपाशी एकटीच. पाकिटानं तिची पंगत काही बदलली नाही.

बदलली ती कुठे, सांगू? एसटी स्टँडवर. गटाच्या कामाला आम्ही तालुक्याला जातो, तेव्हा गाडीवर उभ्यानं वडा खातो. कढईतून निघालेला, हात भाजेल असा. तो कोणाला वाढायचा नाही, कोणासाठी राखून ठेवायचा नाही. (फक्त वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका. शाई तेलात उतरते. ज्या गटांची स्वतःची गाडी आहे त्यांनी तर नकोच.)

गेल्या महिन्यात बँकेच्या कामाला सासूबाई सोबत होत्या, अंगठा द्यायला. गाडीवाल्यानं पहिला वडा काढला, तो मी त्यांच्या हातात दिला. त्या तशाच धरून उभ्या. “तुम्ही घ्या आधी,” म्हणाल्या. मी म्हटलं, “आत्या, गार होईल.” मग इकडे-तिकडे पाहून, पदर सावरून त्यांनी एक घास घेतला. सावकाश चावला. आम्ही सगळ्या त्यांच्याकडेच बघत होतो.

“मीठ जास्त झालंय,” त्या म्हणाल्या, आणि गाडीवाल्याकडे वळून मोठ्यानं, “अरे बाबा, मीठ जास्त झालंय!”