थंडीतील सार आणि भाकरी

आमच्या घरी ‘सूप’ हा शब्द निघाला, की माझ्या सासूबाईंना धान्य पाखडण्याचे सूपच आठवे. “पाखडायचे ते पितात कसे ग?” असे त्या गंभीरपणे विचारीत आणि मुले हसून लोळत. वास्तविक संस्कृतात सूप म्हणजे डाळीचे कालवण, आणि स्वयंपाक करणारा तो सूपकार. मंगरस या जैन कवीने सोळाव्या शतकाच्या आरंभी पाकक्रियेवर कन्नड भाषेत जो ग्रंथ रचला, त्याचेही नाव ‘सूपशास्त्र’ असेच आहे. तेव्हा श्रोतेहो, आज मी सुपाविषयी बोलणार आहे ते कोणा परक्या पदार्थाविषयी नव्हे. थंडीच्या संध्याकाळी आपल्याच चुलीवर होणारे सार, कढण आणि त्यांच्या जोडीची भाकरी, एवढाच माझा विषय आहे.

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचा पारा साधारणपणे १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. १८८४ च्या जानेवारीत तर तो ७.८ अंशांवर गेल्याची नोंद आहे. उत्तरेकडील माणसाला या थंडीचे हसू येईल, पण कोकणच्या दमट हवेत जन्म काढलेल्या माणसाला ती चांगलीच झोंबते. आम्ही १९७८ साली राजाजीनगरात राहावयास आलो. चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव धारण करणारी ही वसाहत स्वातंत्र्यानंतर कारखान्यांच्या शेजारी उभी राहिली. त्याच वर्षी मामंजी वारले आणि सासूबाई राजापूरकडचे घर बंद करून आमच्याकडे आल्या.

दिवाळी सरली, थंडी पडू लागली, आणि सासूबाईंचे रात्रीचे जेवण सुटले. “भूक नाही,” एवढेच त्या म्हणत. रात्रीचा भात त्यांना गार वाटे. मी दुकानातून ज्वारीचे पीठ आणून भाकऱ्या थापीत असे. पण ते पीठ किती दिवसांचे असेल कोण जाणे! त्याची विरी गेलेली, त्यामुळे भाकरी परातीतच फाटे. त्या निमूटपणे चतकोर खात आणि उरलेली झाकून ठेवीत. खरे सांगायचे तर मला त्यांची काळजी वाटण्याऐवजी रागच येई. माझ्या हातच्या स्वयंपाकाला त्या नावे ठेवीत आहेत, असे मी धरून चालले होते. त्यांच्या हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या आहेत, हे माझ्या लक्षात यावयास हवे होते. ते आले नाही.

ते आले शेजारच्या अक्कांच्या. अक्कांना मराठीचे अक्षर येत नव्हते आणि सासूबाईंना कन्नडचे. रोज कुंपणापाशी अक्का विचारीत, “ऊट आयिता?” म्हणजे ‘जेवण झाले का?’ सासूबाई नुसत्या हसत. एके संध्याकाळी अक्का एक झाकलेले पातेले घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. झाकण काढताच लसणीच्या फोडणीचा वास घरभर पसरला. सासूबाई आतून बाहेर आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगो, हे तर कुळथाचे कढण!”

अक्का त्याला ‘हुरुळी सारु’ म्हणत होत्या. घाटावर कुळथाला हुलगे म्हणतात, हे ठाऊक असलेल्याला हुरुळी शब्द परका वाटणार नाही. सोबत नाचणीच्या उकडीचा वाटोळा गोळा होता. त्यास येथे ‘मुद्दे’ म्हणतात. तो चावायचा नसतो. घास मोडून, सारात बुडवून, गिळायचा असतो. सासूबाईंना काही ते साधले नाही. पण त्या रात्री त्या दोन वाट्या सार प्याल्या, आणि कपाळावरचा घाम पदराने पुसून शांतपणे झोपल्या.

शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवू नये, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी अक्कांच्याच घरची नाचणी दळून आणवली आणि किती तरी महिन्यांनी स्वतः परातीपाशी बसल्या. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नसतो, म्हणून तिचे पीठ थंड पाण्यात मळले तर भाकरीला चिरा पडतात. यावर उपाय उकडीचा. दोन वाट्या पिठाला तितकेच पाणी घ्यावे, मीठ घालून ते खळखळ उकळावे, त्यात पीठ टाकून झाकण ठेवावे आणि विस्तव बंद करावा. पाच मिनिटांनी गरम असतानाच चांगले मळावे. वाफेने पिठातील पिष्ट फुगून चिकट होते आणि भाकरी हवी तशी थापता येते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि उलटून शेकली की ती टम्म फुगते.

सार तर त्याहून सोपे. वाटीभर कुळीथ रात्री भिजत घालावेत आणि दुसऱ्या दिवशी सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवावेत. वरचे पाणी गाळून घ्यावे. त्यात आमसुले, मीठ आणि गुळाचा खडा घालून उकळावे, आणि वरून तुपात लसूण, जिरे व सुकी मिरची यांची फोडणी द्यावी. अक्का आमसुलाऐवजी चिंच घालीत. गाळलेल्या कुळथांची उसळ करावी. एकाच धान्यात दोन पदार्थ होतात. पुरणाच्या डाळीवरील पाण्याला आपण कट म्हणतो व त्याची आमटी करतो. येथेही त्या पाण्याला ‘कट्टु’ म्हणतात व त्याचे सार करतात. हा शोध लागला त्या दिवशी दोघी लहान मुलींसारख्या हसल्या होत्या.

पुढे पौषात बाजारात अवरेकाईचे ढीग आले. हा आपल्या वाल-पावट्याचाच भाऊबंद. दव पडले की त्याच्या शेंगांना विशेष सुवास येतो, असे इकडचे लोक सांगतात. दाणे भिजवून, दाबून, साल काढून त्यांचे सार करतात. आपल्या डाळिंब्या सोलण्याचीच ती रीत. सबंध दुपार दोघी ओट्यावर बसून दाणे सोलीत. एक कन्नडमध्ये बोले, दुसरी मराठीत, आणि संभाषण कोठेही अडत नसे.

नाचणीला एके काळी गरिबाचे धान्य म्हणून हिणवीत. आज शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो हे सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. याच कर्नाटकात लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञांनी भारतीय व आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ नावाचे भरघोस पिकणारे वाण तयार केले. सासूबाईंना यातील काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच कळले, की आपल्या गावचे धान्य येथेही पिकते.

आज त्या दोघीही नाहीत. मीच आता त्यांच्या वयाची झाले आहे, आणि आमच्या गल्लीतील अनेक घरांत एकेकटी म्हातारी माणसे राहतात. मुले दूरदेशी असतात. एकट्यासाठी कशाला खटाटोप, असे म्हणून ती दुधात बिस्कीट बुडवून रात्र काढतात. विचारले तर सांगतात, “भूक नाही.” श्रोतेहो, या दोन शब्दांवर मी पुन्हा कधी विश्वास ठेवलेला नाही. थंडीच्या दिवसांत आपण सार कराल तेव्हा पाणी वाटीभर अधिक घाला, भाकरीही एक जास्त थापा, आणि शेजारचे दार वाजवून विचारा, “ऊट आयिता?”