जुनी होडी घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवी झाले आणि शाळा सुटली. तेव्हा चिटणीसबाईंनी, "तुम्ही होडी घेतलीत ना, तिच्यावर बोला," असे सांगितले, तेव्हा मी आधी हसले. पण पुढे विचार केला, की घरात पातेले आणायचे तरी आपण चार दुकाने हिंडतो, तळ वाजवून पाहतो; मग घरादाराने जिच्यात बसायचे ती होडी बायकांनी पाहू नये असे कोठे लिहिले आहे? म्हणून हे चार शब्द. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमचे घर विजयदुर्गच्या खाडीच्या या अंगाला आणि माझे माहेर पैलतीरावर. अंगणात उभे राहिले की पलीकडचे माड दिसतात. पण मोटारीने जायचे तर खाडीच्या वरच्या अंगाला पुलापर्यंत जाऊन पुन्हा तेवढेच खाली यावे लागते. माझी आई ऐंशीच्या घरात. तिला पाहायला जायचे म्हणजे एक दिवस मोडायचा आणि पाचजणांचे भाडे मोजायचे. आमच्या मामंजींच्या वेळी दारात शिडाची होडी होती. नणंदेच्या लग्नात ती विकावी लागली. तेव्हापासून आमचे हे रिक्षा चालवतात; पण संध्याकाळी पाण्याकडे पाठ करून बसायचे. ती पाठ मला वाचता येत होती.

इंजिनाची नवी होडी आमच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून जुनी, शिडाची, घरच्या माणसांना ये-जा करण्यापुरती घ्यावी असे ठरले. माझ्या भिशीचे वीस हजार आले होते. बाकीचे तीस हजार मी माझ्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले. सगळे मिळून पन्नास हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

पहिली होडी पाहिली ती फार सुरेख होती. निळा रंग, नाळेवर कमळ काढलेले, आत बसायला नवी फळी. मालकाने साठ हजार सांगितले. ह्यांचे डोळे लकाकले. वरचे दहा हजार कोणाकडून तरी उसने घ्यायचे आणि पाच हजार विसार त्याच दिवशी द्यायचा, इथपर्यंत बोलणे आले. मी म्हटले, "आधी एका जाणत्या सुताराला दाखवू." मालक म्हणाला, "बाईमाणसाला होडीतले काय कळते?" आणि आमचे हेही चिडले. चारचौघांत मी बोलले याचा त्यांना राग आला. घरी येऊन ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अरे, ती नको कुठे म्हणते आहे? दाखवून घे एवढेच म्हणते आहे. तुझे बाबा असते तर त्यांनी काय केले असते?" तेव्हा ते उठले.

आमच्या वाडीत एक म्हातारे सुतार आहेत. जन्मभर होड्याच बांधल्या. ते ओहोटीच्या वेळी आले, कारण होडी पाहायची ती पाण्यात नव्हे, कोरड्या वाळूवर. त्यांनी कमळाकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाले, "वयनीनू, रंग बघू नकात. लाकूड बघा." मग त्यांनी लाकडी ठोकणीने एकेक फळी वाजवीत नेली. चांगली फळी ठणठण बोलते, कुजलेली भदभद करते; नारळ वाजवून पाहणाऱ्या आपणा बायकांना हा आवाज शिकवावा लागत नाही. नाळेपाशी आवाज बदलला. तेथे ताजी लांबी भरून रंग दिला होता. सुतारकाकांनी दाभण टेकवले आणि जरासे दाबले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. लोण्यात सुरी जावी तसे! मालक दुसरीकडे पाहू लागला. आमचे हे काही बोलले नाहीत. परतताना वाटेत एवढेच म्हणाले, "पाच हजार वाचले." मी म्हटले, "पाच हजार नव्हे, पाच माणसे."

त्या दिवसापासून मी सुतारकाकांच्या मागे लागले आणि जे शिकले ते तुम्हांला सांगते.

लाकडाचे शत्रू दोन. एक पावसाचे पाणी. आपल्याला वाटते खारे पाणी वाईट. पण लाकूड कुजते ते गोड्या पाण्याने. होडीत पावसाचे पाणी साचून राहिले, वारा लागला नाही, की कूज धरते. म्हणून बाकाखाली, फळ्यांच्या सांध्यात, नाळेच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे हात सहज जात नाही तेथेच हात घालावा. दुसरा शत्रू खाऱ्या पाण्यातला, लाकूड पोखरणारा किडा. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. आत शिरतो तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडतो, आणि आत वाढत वाढत फळीची चाळण करतो. वरून फळी धड दिसते. म्हणून बारीक भोके दिसली की त्यांना बारीक समजू नये. ह्याला औषध म्हणजे होडी वेळोवेळी वर ओढून वाळवणे आणि तळाला डांबर किंवा काजूच्या टरफलाचे तेल देणे. गोड्या पाण्यात ठेवली तरी हा किडा मरतो. आपल्याच खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठी आरमाराच्या काळची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यावे आणि ओहोटीला कोरडे करून त्याचा तळ पाहावा, हेच तिचे काम. मोठमोठ्या आरमारांना जे चुकले नाही, ते आपल्या होडीला कसे चुकेल?

तिसरी गोष्ट खिळ्यांची. फळीवर खिळ्यापासून खाली तांबडे ओघळ उतरलेले दिसले तर खिळा गंजला आहे. एखादा असेल तर बदलता येतो. रांगच्या रांग असेल तर होडी फक्त सवयीने उभी आहे असे समजावे. नवे खिळे जस्त चढवलेले किंवा तांब्याचे घालावेत.

लाकूड कोणते तेही विचारावे. साग टिकतो. आंब्याची होडी स्वस्त मिळते, पण लवकर कुजते.

शीड उन्हाकडे धरून पाहावे; भोके चांदण्यांसारखी दिसतात. सुती शिडाला बुरशीचे काळे डाग पडतात, आणि नायलॉनचे शीड उन्हाने जिरते. कापडाच्या आधी शिवण जाते, म्हणून काठाची शिवण नखाने ओढून पाहावी. हे काम आपल्याइतके पुरुषांना येत नाही. डोलकाठीला उभी चीर असली तर फारसे बिघडत नाही, लाकूड वाळले की ती पडतेच; पण आडवी चीर दिसली तर ती काठी घेऊ नये. सुकाणूच्या कड्या हलवून पाहाव्यात. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट तरी असावा. आखूड दोराने नांगर धरत नाही, नुसता सरपटतो.

दुसरी होडी आम्हाला दिवाळीनंतर मिळाली. काळी, कुरूप, शिडाला ठिगळे. पण सागाची, आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत ठणठण बोलणारी. अडतीस हजार सांगितले, बत्तीसला तुटले. येथे आणखी एक गोष्ट कळली. विकणारा म्हणाला होडी माझी. मी विचारले, "वडिलांची का?" तर म्हणाला, हो. म्हणजे ती तीन भावांची! एक भाऊ मुंबईला, त्याला पत्ताच नव्हता. आम्ही तिघांच्याही सह्या आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. पंधरा दिवस गेले, पण पुढचे भांडण वाचले. आणि आमच्या कागदावर ह्यांच्या नावाबरोबर माझेही नाव घातले आहे. मी मागितले नव्हते. ह्यांनीच लिहिणाऱ्याला सांगितले, "पाटल्या तिच्या आहेत."

दुरुस्तीला सतरा हजार लागले. दोन फळ्या बदलल्या, खिळे मारले, सांध्यांत कापसाची वात भरून वर राळ बसवली. ही वात कोरड्या होडीत फार ठासून भरू नये, कारण पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात आणि जागा नसली तर सांधेच उचकटतात. माझा हिशेब असा, की जुन्या होडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवल्याशिवाय सौदा करू नये. आम्हाला बत्तीस अधिक सतरा, एकोणपन्नास हजार पडले. साठ हजारांच्या कमळापेक्षा कमीच.

पहिल्यांदा पाण्यात लोटली तेव्हा होडी गळू लागली. माझ्या पोटात धस्स झाले. सुतारकाका हसले. कोरडी होडी पहिला दिवस गळतेच. फळ्या पाणी प्यायल्या की सांधे मिटतात. दोन दिवसांनी गळती थांबली. ती थांबली नाही तर मात्र खोट आहे. नंतर ह्यांनी आणि सुतारकाकांनी ती तासभर शिडावर फिरवून आणली. दोन तांबे पाणी निघाले, वळवली तिकडे वळली.

आता माझी चूक सांगते. पन्नासातले एक हजार उरले, आणि तेव्हा आठवले की अंगात घालायची तरंगती जाकिटे घ्यायचीच राहिली! पाचजणांची पाच. शीड, नांगर, दोर, सगळ्याचा हिशेब मी धरला, आणि माणसांचा धरला नाही. त्याच आठवड्यात पलीकडून निरोप आला की आई आजारी आहे. दारात होडी उभी, वारा चांगला, मुलगा म्हणाला, "आई, चल ना, अर्ध्या तासाचे काम." मी पदर खोचून निघालेही होते. सासूबाई होडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नातवंडांना पोहता येते, मला ठाऊक आहे. तुला येते का?" मला येत नाही. आम्ही मोटारीने गेलो. आई त्या दुखण्यातून उठली. जाकिटांना दोन महिने लागले, आणि ते दोन महिने होडी दारात बांधून राहिली. शेजारणी विचारायच्या, "शोभेला घेतलीत का?" मी ऐकून घेत असे.

माघातल्या अष्टमीला आम्ही पहिल्यांदा सर्वजण निघालो. अष्टमी मुद्दाम धरली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला ओढ फार; अष्टमीला भांग, पाणी सावकाश चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हे आपल्या वडीलमाणसांचे गणित आहे. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा, हे भूगोलात मी घोकले होते. पण दोन्ही वाऱ्यांनी खाडी आडवी कापता येते, सकाळी जाता येते आणि दुपारी परत येता येते, हे त्या दिवशी उमजले. सातवीचा भूगोल पंचेचाळिसाव्या वर्षी उपयोगी पडला!

आई काठावर उभी होती. तिला वाटले कोणी मासेवाले आले. मग तिने मला ओळखले.

ती गेल्या चैत्रात गेली. पण त्याआधी तीन वेळा जाकीट घालून ती ह्या होडीत बसली आणि आमच्या घरी येऊन राहिली. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. हात मोकळे दिसतात म्हणून कोणी विचारले तर मी खाडीकडे बोट दाखवते.

जुन्या वस्तूला हसू नये, भगिनींनो. गोव्यात बांधलेली 'तारिणी' नावाची नौदलाची शिडाची नौका तुम्ही ऐकली असेल. २०१७ साली सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात परतल्या. तीच नौका, सात वर्षांनी जुनी झालेली, २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा निघाली; या वेळी तिच्यात दोघीच होत्या, दिलना आणि रूपा. त्या २०२५ च्या मे महिन्यात सुखरूप आल्या. मला त्यांची बरोबरी करायची नाही, मी खाडीपलीकडे जाते एवढेच. पण त्यांच्याही नौकेचा तळ निघण्याआधी कोणीतरी तपासला असेलच.

तेव्हा कोणाच्या घरी जुनी होडी घ्यायचे घाटत असेल, तर "बायकांना काय कळते" ऐकून आत जाऊ नका. ओहोटीला जा. फळी वाजवा. सगळ्या भावांच्या सह्या घ्या. निम्मे पैसे मागे ठेवा. पाऊस लागायच्या आत होडी वर ओढा आणि नारळीपौर्णिमेपर्यंत तिला विश्रांती द्या. आणि शिडाच्या आधी जाकिटे घ्या.