पुस्तक आणि हात

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिलांच्या विणकाम-प्रदर्शनाच्या प्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाचा प्रसंग म्हटला म्हणजे वक्त्याने मंदिराच्या पायाभरणीपासून आरंभ करावा आणि देणगीदारांच्या नामावलीपाशी येऊन थांबावे, असा शिरस्ता आहे. ते काम आज सकाळी इतरांनी यथासांग केले आहे. आम्हांस मात्र समोरच्या मेजावर मांडलेली टोपडी, पायमोजे, झबली आणि सुती पिशव्या यांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूने सुया आणि लोकर यांवर भाषण करावे, ही गोष्ट काही जणांस मौजेची वाटेल. परंतु या मेजामागे दोन वर्षांची एक हकीकत आहे, आणि ती आपणां सर्वांच्या उपयोगाची आहे, अशी आमची समजूत आहे.

आपला विणकामाचा वर्ग एका शनिवारी पेणला आणि दुसऱ्या शनिवारी रोह्याला भरतो, हे आपणांस ठाऊकच आहे. ज्या सिस्टरांनी तो सुरू केला त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी सुयांचा एक डबा, उरलेली लोकर आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागे ठेविले. पुढच्या शनिवारी बाया आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "फादर, शिकविणाऱ्या गेल्या, आता वर्ग मिटवावा." आम्ही म्हटले, "पुस्तक आहे ना?" त्यावर एक आजी उत्तरल्या, "पुस्तक आहे हो, पण ते बोलत नाही." हे उत्तर आमच्या मनास लागले. आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलो, इंग्रजी ग्रंथ वाचले. तेव्हा विणकामाच्या पुस्तकाची ती काय कथा, अशा घमेंडीने आम्ही ते बोलके करावयाचे पत्करले.

पहिल्याच पानावर आमची घमेंड उतरली. तेथे वाक्ये नव्हतीच. होती ती अक्षरे, आकडे आणि तारका. 'के दोन, पी दोन' असे काहीसे लिहिलेले, आणि त्यापुढे एक तारका. ही संक्षेपाची रीत जुनी आहे. १८४० साली एडिंबरो येथे जेन गोगन नावाच्या बाईने विणकामाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तिने टाक्यांसाठी अशीच लघुचिन्हे योजिली होती. प्रत्येक टाका शब्दांत लिहू गेल्यास एका टोपड्यास एक प्रकरण लागेल; म्हणून ही युक्ती. परंतु जो टाका ओळखत नाही त्यास चिन्ह ओळखून काय लाभ? आम्हांस अक्षर कळे, टाका कळेना. बायांस टाका कळे, अक्षर कळेना. तेव्हा दोघांनी एकत्र बसावे हा एकच मार्ग उरला.

अशा रीतीने आमची वही सुरू झाली. 'के' म्हणजे सुलट टाका, त्यास 'सु' लिहिले. 'पी' म्हणजे उलट, त्यास 'उ'. दोन टाके एकत्र विणून एक कमी करणे, त्यास 'जोड'. दोरा पुढे घेऊन मुद्दाम भोक पाडणे, त्यास 'जाळी'. तारकेचा अर्थ लावताना आम्ही बराच वेळ समजावून सांगत होतो की, ओळीत येथपर्यंत आल्यावर पुन्हा तारकेपाशी परतावे आणि तेच विणावे. तेव्हा रोह्याची एक बाई म्हणाली, "म्हणजे पालुपद म्हणा की!" याहून उत्तम भाषांतर आमच्याने झाले नसते. त्या दिवसापासून वहीत तारकेस पालुपद हेच नाव आहे.

पुढे चौकटींचे तक्ते आले. कागदावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक टाका दाखविलेला असतो. आम्ही तो तक्ता पुस्तकाप्रमाणे वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचला, आणि नक्षी पार विसकटली. तक्ता खालून वर वाचावयाचा असतो, कारण कापड खालून वर वाढते. आणि दोन सुयांवर विणताना पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, तर दुसरी डावीकडून उजवीकडे वाचावी लागते, कारण ओळ संपली की आपण काम उलटे फिरवितो. शिवाय तक्ता नेहमी कापडाच्या दर्शनी बाजूचा असतो; म्हणून मागच्या बाजूने विणताना तक्त्यात सुलट दिसेल तेथे उलट विणावयाचे. आम्ही कपाळास हात लावून बसलो असता त्याच आजी म्हणाल्या, "नांगरताना बैल असाच वळतो." प्राचीन ग्रीक लोक काही काळ असेच लिहीत, एक ओळ एका दिशेने व पुढची उलट दिशेने, आणि त्या लेखनपद्धतीच्या ग्रीक नावाचा अर्थही बैलाच्या वळण्यावरूनच आहे. आम्ही ती गोष्ट पुस्तकात वाचली होती; आजींनी ती भाताच्या खाचरात पाहिली होती.

आता आमच्या चुकीकडे येतो. ऑगस्ट महिना होता. आमच्याकडे वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत भिंतींनाही ओल येते. वर्गातील एका बाईची सून बाळंत झाली. बाळ वजनाने फार कमी भरले. दोन दिवसांनी त्यास नागोठण्याजवळच्या घरी आणावयाचे होते, आणि डॉक्टरांनी डोके झाकून ठेवावयास बजाविले होते. कारण नवजात बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि त्यातून अंगातील ऊब फार जाते. पुस्तकात नवजात बाळाचे टोपडे होतेच. ७२ टाके, ६ नंबरची सुई. आम्ही स्वतः बाजारातून ६ नंबरची सुई आणून दिली. त्या बाईने एका दिवसात टोपडे विणले, इस्पितळात नेले, आणि ते बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरले. ती आम्हांस काही बोलली नाही. तिने ते परत आणून आमच्यापुढे ठेविले, एवढेच.

पुस्तक अमेरिकेत छापलेले होते. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढतो तशी सुई जाड होते. त्यांची ६ नंबरची सुई ४ मिलिमीटर आणि ८ नंबरची ५ मिलिमीटर. आपल्या बाजारातील सुयांवर मात्र बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आकडे असतात, आणि तेथे आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: ६ नंबर ५ मिलिमीटर, ८ नंबर ४, १० नंबर सव्वातीन, १४ नंबर २. ही उलटी रीत तारेच्या कारखान्यातून आली. तार जितक्या अधिक वेळा छिद्रातून ओढावी तितकी ती बारीक होते, म्हणून मोठा आकडा बारीक तारेस. पुस्तकाप्रमाणे १० सेंटिमीटरांत २२ टाके बसावयास हवे होते. आमच्या जाड सुईवर १८ च बसले. त्यामुळे ७२ टाक्यांचा घेर ३३ सेंटिमीटरांऐवजी ४० झाला. वास्तविक प्रत्येक नमुन्याच्या आरंभी लिहिलेलेच असते की, प्रथम लहानसा तुकडा विणून त्यातील टाके मोजावे. आम्ही ती ओळ प्रस्तावना समजून ओलांडली होती. दोष पुस्तकाचा नव्हता, विणणारीचा नव्हता. तो आमचा होता.

पुढे जे झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. आजींनी टोपड्याचे शेवटचे टोक शोधले, ओढले, आणि सगळे टोपडे सरसर उसवत गेले. त्या माहेरच्या रेवदंड्याकडच्या. मासे धरण्याची जाळी विणण्यात त्यांचे बालपण गेलेले. त्या म्हणाल्या, "जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ असते, एक घर तुटले तरी बाकीची राहतात. ह्याला गाठ नाही. म्हणून हे उसवते, आणि म्हणूनच दुरुस्तही होते." त्याच लोकरीने, ८ नंबरच्या सुईवर, प्रथम तुकडा विणून व टाके मोजून, त्या रात्री तिघींनी आळीपाळीने काम केले. बाळ लहान म्हणून ७२ ऐवजी ६४ टाके घातले. घेर २९ सेंटिमीटर, आणि दोन सुलट दोन उलट अशा विणीमुळे ताणून डोक्यास घट्ट बसणारा. सकाळच्या गाडीने टोपडे गेले, आणि बाळ ते घालूनच घरी आले. ते टोपडे आज मेजावर आहे. बाळ आता चालू लागले असून, मघापासून मंडपात धावत आहे ते हेच.

कोणी विचारील की, बाजारात यंत्रावर विणलेले टोपडे थोडक्या पैशांत मिळत असता हा खटाटोप कशासाठी? विणकामाचे यंत्र काही आजचे नव्हे; इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ सालीच मोजे विणण्याची चौकट सिद्ध केली. यंत्राशी स्पर्धा करावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या रात्री त्या मापाचे टोपडे कोणत्याही दुकानात नव्हते. आणि दुसरे असे की, जी स्त्री पुस्तकातील नमुना स्वतः वाचून, मोजून, आपल्या मापास उतरवू शकते, ती औषधाच्या बाटलीवरील सूचना आणि पतपेढीचा अर्जही न बिचकता हाती घेते. हे आम्ही वर्गात पाहिले आहे. याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे यांनी आयुष्यभर सूत कातले. आणि १९३७ साली वर्ध्यास मांडल्या गेलेल्या ज्या शिक्षणयोजनेशी त्यांचा निकट संबंध होता, तिचे मर्म हेच होते की, हाताच्या उद्योगातून गणितही शिकता येते आणि भाषाही.

मात्र पुस्तकाची आज्ञा डोळे मिटून पाळावी, असेही नव्हे. ते हिमाच्या देशासाठी लिहिलेले आहे. त्यातील जाड गळाबंद स्वेटर पेणच्या मे महिन्यात कोण घालील? म्हणून वर्गाने सुती धागा घेतला. लोकरीच्या तंतूस नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे ती ताणली तरी मूळ जागी येते. सुतास तो गुण नाही, ते ओघळते. तेव्हा सुती काम बारीक सुईवर आणि घट्ट विणावे लागते, हे बायांनी तुकडे विणून शोधून काढले. पेणच्या मूर्तिशाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. साच्यातून शंभर मूर्ती सारख्या निघतात. पण डोळ्यांची आखणी करावयास कसबी हातच लागतो. पुस्तक हा साचा होय. आखणी आपली आपणच करावयाची.

जर्मनीतील हँबर्ग शहराच्या चित्रसंग्रहालयात सुमारे १४०० सालच्या एका वेदीवरील चित्रफलक जपून ठेविला आहे. मास्टर बर्ट्रम या चित्रकाराच्या परंपरेतील तो मानला जातो. त्यात पवित्र मरिया चार सुयांवर बालकाचा अंगरखा विणीत बसली आहे, आणि गळ्याशी काम संपत आले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या ज्या बिनशिवणीच्या अंगरख्याचा उल्लेख आहे, त्याची आठवण ते चित्र पाहून कोणासही होईल. आम्हांस त्या चित्रात विशेष वाटते ते हे की, ती पुस्तकात पाहून विणीत नाही. बालकाचे माप तिला ठाऊक आहे.

आता विनंती करून आटोपतो. त्या वहीत आजवर जे नमुने मराठीत उतरले आहेत, त्यांच्या दोन प्रती आम्ही करविल्या आहेत; एक पेणला राहील, दुसरी रोह्याला. जी बाई त्यात फेरफार करील तिने तो समासात लिहावा: सुई मिलिमीटरांत, टाके १० सेंटिमीटरांत किती ते, आणि चुकले असेल तर काय चुकले तेही. आमची ६ नंबरच्या सुईची चूक पहिल्या पानावर आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेली आहे. ती कोणी खोडू नये. उद्या आमचीही बदली होईल, आजी थकतील, नव्या मुली येतील. त्या वेळी "शिकविणारे गेले, आता वर्ग मिटवावा," असे म्हणण्याची पाळी कोणावर येऊ नये.

प्रभू आपल्या हातांच्या कामास यश देवो. आता मेजाजवळ या, आणि वस्तू नुसत्या पाहू नका; उलटून त्यांची मागची बाजूही पाहा. विणणारीचे खरे काम तेथे दिसते.