गेलेल्यांचे गाणे



मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. गाण्यातले शास्त्र मला कळत नाही, ऐकण्याची आवड तेवढी आहे. आज लताबाई मंगेशकरांविषयी सांगते. पण त्यांच्या मानसन्मानाविषयी नव्हे. आवडता गवई गेल्यावर त्याच्या गाण्याचे काय करावे, एवढ्यापुरतेच.

मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास वारले. वय अवघे ४१. थोरली लता १२ वर्षांची, तिच्या पाठीवर चार भावंडे. गाणे ही हौस राहिली नाही, त्यावर चूल पेटावयाची होती. तरी वडिलांची पदे त्या घराने बासनात बांधून ठेविली नाहीत. त्यांनी गाजविलेली ‘मानापमाना’तली पदे पुढे आशाबाईंनी गायिली. बाईच्या गळ्यात ती जराही मिळमिळीत झाली नाहीत.

लताबाईंचे दैवत सैगल. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. हौसेने रेडिओ विकत आणला, आणि त्यावर ऐकली ती सैगल गेल्याची बातमी. ते १९४७ साल. त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला! मन असे विटते, हे आपण बायका जाणतोच.

पण पुढे त्यांनी ‘श्रद्धांजली’ काढली. तोवर मुकेश (१९७६), रफी (१९८०), किशोरकुमार (१९८७) सारे गेले होते. मुकेश तर त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच गेले. या सर्वांची गाणी लताबाईंनी स्वतः म्हटली. नक्कल केली नाही, आवाज जाड केला नाही. ‘जिंदगी’ चित्रपटातली सैगलांची अंगाई त्यांच्या तोंडून ऐका. शब्द तेच, चाल तीच. पण मला तरी ती बाळाची अंगाई वाटत नाही. गेलेल्या माणसाला कोणी थोपटते आहे असे वाटते. मूळ गाण्याची सर नाही, असे काहीजण म्हणतात. नसेल! सर यावी म्हणून त्यांनी ती म्हटलीच नसावीत.

हे सारे आज का सांगते, ते तुम्ही ओळखले असेल. आपल्या पेटीवाल्या काकू गेल्यापासून त्यांची भूपाळी मंडळात कोणी म्हटलेली नाही. ती कोणी म्हणू नये, मोबाईलवरचा त्यांचाच आवाज लावावा, असे काही भगिनींचे मत आहे. त्यांचे प्रेम मी जाणते. पण यंत्र लावून आपण नुसत्या ऐकत बसणार, आणि नव्या सुनांना ती भूपाळी कधीच येणार नाही. काकू स्वतः कोणाला गप्प बसू देत नसत!

येत्या एकादशीस ती म्हणावी असे मी सुचविते. काकूंची पट्टी काळी पाच. ती आपल्याला झेपणार नाही. पांढरी पाचने सुरू करू. पेटीचा भाता मी दुरुस्त करून आणला आहे.