साथीचा काळ, मुले आणि आहारपूरके

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट ओसरत असताना तिसरी लाट लहान मुलांवर येईल अशी भीती महाराष्ट्रभर पसरली, राज्य शासनाने बालरोगतज्ज्ञांचे स्वतंत्र कृतिदल नेमले, आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून खपणारी क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी, जस्ताचे सिरप, ड जीवनसत्त्वाची पुडी व च्यवनप्राश ही अनेक घरांत मुलांच्या रोजच्या खाण्यात आली. शाळा बंद, दवाखान्यात जाण्याचे भय आणि मुलांसाठी लस अद्याप नाही, अशा स्थितीत आईवडिलांनी हाताशी होते ते दिले, यात त्यांना दोष देता येत नाही. मात्र त्यामागील समज साथीबरोबर संपला नसल्याने तो तपासणे अगत्याचे आहे.

आहारपूरक म्हणजे रोजच्या जेवणातून पुरेसे न मिळणारे जीवनसत्त्व किंवा खनिज भरून काढण्यासाठी दिलेली गोळी, पूड वा सिरप. शरीरात एखाद्या घटकाची उणीव असेल तर रोगाशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि ती भरून निघाल्यावर त्या पूर्ववत काम करतात, परंतु उणीव नसलेल्या मुलाला तोच घटक अधिक दिल्याने त्याची शक्ती त्या प्रमाणात वाढत नाही. विशिष्ट विषाणूची ओळख शरीराला गोळी करून देत नाही, लस करून देते. ती १५ ते १८ वयोगटाला ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून मिळू लागली.

खरा धोका मात्रेचा आहे. वर्षावरील मुलाला ड जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज सुमारे ६०० एकक मानली जाते, आणि औषधाच्या दुकानातील प्रचलित पुडीत ६०,००० एकक असतात, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज सामावलेली असते. उणीव सिद्ध झाल्यावर डॉक्टर ही पुडी ठरावीक आठवडे देतात व ते योग्यच आहे. परंतु हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि दीर्घकाळ अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. जस्ताचेही तसेच आहे: सहा महिन्यांवरील मुलाला जुलाबात ते दररोज २० मिलिग्रॅम, पण १४ दिवसच दिले जाते, आणि महिनोन्महिने अधिक मात्रा दिल्यास शरीराला तांबे नीट शोषता येत नाही.

पूरकांच्या या धावपळीत जे खरोखर उणे होते ते मागे पडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते, आणि राज्यातील पाचव्या फेरीची पाहणी २०१९ मधली, म्हणजे साथीपूर्वीची आहे. म्हणून विदर्भातील शिरपूर जैनसारख्या गावात, जिथे शिवारात तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकते, तिथे पालकाने प्रथम विचारायचा प्रश्न लोहाचा आहे. डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास ते अधिक शोषले जाते, आणि जेवणालगत चहा दिल्यास घटते. क जीवनसत्त्वाचे मोल इथे आहे, आणि त्यासाठी महागड्या गोळीची गरज नाही. मुलांना सकाळी चहा-टोस्टवर ठेवण्याची सवय या दृष्टीने फार नुकसान करते.

अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाला आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे सिरप आणि ५ ते ९ वर्षांच्या मुलाला आठवड्याला एक गुलाबी गोळी ठरवून दिली आहे. लोहाची बाटली लहान मुलाच्या हाती लागणे प्राणघातक ठरू शकते, म्हणून ती उंचावर ठेवावी. आणि विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने घरात तो आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच लोह द्यावे. इतर पालकांनी नवी बाटली विकत घेण्याआधी गावातील आशा सेविकेकडे किंवा अंगणवाडीत या सिरपची चौकशी करावी. ते मोफत मिळते.