ग्रंथालयातील एक जुने पुस्तक



गणरायाला वंदन करून आम्ही आज आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची ‘धर्मपर व्याख्याने’.

मुंबईत १८६७ साली प्रार्थनासमाज स्थापन झाला. तेथील उपासनेत रानडे निरूपण करीत. एरवी कोर्टात कायद्याचा कीस काढणारे रानडे तेथे ईश्वराविषयी आणि भक्तीविषयी बोलत. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. ही व्याख्याने पुस्तकरूपाने टिकावीत यासाठी त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पुढाकार घेतला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या बायकांची बोलणी सोसत त्या शिकल्या, म्हणूनच हे काम त्यांच्या हातून झाले.

आता आपल्या प्रतीविषयी. पाने पिवळी पडली आहेत, उलटताना कडा तुटतात. काही सभासद म्हणतात, ‘वर्षानुवर्षे ही पुस्तके कोणी नेत नाही, कपाट रिकामे करू या.’ कोणी नेत नाही, हे खरेच आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. हिंदीमुळे देवनागरी ओळखीची आहे, पण मराठीचे पान पुढे आले की अडखळतात. बडोद्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी गावोगावच्या वाचनालयांचा पाया घातला, तेथे आपणच पुस्तके रद्दीत घालावीत काय?

आमची सूचना साधी आहे. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, तिच्या डिंकाने कागद अधिकच खराब होतो. पुस्तक सुती कापडात गुंडाळून, ओल आणि ऊन लागणार नाही असे आडवे ठेवावे. पानांची छायाचित्रे काढून मोठ्या अक्षरांत प्रती कराव्यात. आणि उत्सवात रोज आरतीनंतर एका मुलाने आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यातले अर्धे पान मोठ्याने वाचावे. जोडाक्षर अडले तर आजीने सांगावे, कोणी हसू नये. ही व्याख्याने मुळात ऐकण्यासाठीच होती. ऐकता ऐकता वाचनाची गोडी लागते.

अकरा वर्षांची निरक्षर मुलगी जे शिकू शकली, ते आपल्या मुलांना जड नाही. पहिल्या दिवसाच्या वाचनासाठी नावे आजच द्यावीत, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!